प्रयागनं शिकवलेलं बघणं

मुलांनो, तुमची धाकटी आजी गेल्याचं मला बीडमध्ये कळलं ते तुमच्या बाबांच्या फोनवरून, तेही परदेशातून. तिचं गाव, तलवाडा, इथून तासाभराच्या वाटेवर. तरी तिच्या सुनेनं पहिला फोन माझ्या मुलाला केला. तो रडत होता. मी त्याला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की माझ्या वेळी हा इतका रडेल का... दीड महिना झाला, तो विचार गेलेला नाही.

प्रयाग माझी धाकटी जाऊ. मी इंग्रजीत एम.ए. झालेली, गेवराईला हायस्कुलात शिकवणारी, ती डी.एड. होऊन गावातल्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. माझं सगळं वेळेवर असायचं: डबे, वह्यांची कव्हरं, संध्याकाळचं पाठांतर. तिच्या वर्गात मात्र हजेरीनंतर दहा मिनिटं एकच प्रश्न चाले. काल नव्हतं असं आज वाटेत काय दिसलं? दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नसे. काहीच नाही म्हणणाऱ्याला ती दारात नेऊन पुन्हा बघायला लावी. कुणी सांगे, हौदाजवळची बाभूळ फुलली. कुणी सांगे, शेजारच्या म्हातारीनं आज दार उघडलं नाही. मला हा वेळकाढूपणा वाटे, आणि मी तिला तसं सुनावलंही होतं.

तुमचे बाबा तिच्याच वर्गात होते. एकदा जेवताना सासऱ्यांच्या हातून आमटी सांडली, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी चिडून फडकं आणायला उठले, तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, "आई, आजोबा वाटी बोटांनी शोधायलेत. आधी बघून घ्यायचे." मोतीबिंदू पिकला होता. ताट रोज मी वाढत होते... ऑपरेशन झालं, दिसू लागलं, आणि सासऱ्यांनी चारचौघांत सांगितलं की पोराला बघायला प्रयागनं शिकवलं. मी आत चहा गाळत होते. महिन्याभरात आम्ही बिऱ्हाड बीडला हलवलं आणि मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. सगळ्यांना कारण इंग्रजीचं सांगितलं. प्रयागला ते पटलं नसावं. मला ट्रंक भरू लागताना ती म्हणाली, "न्या की अक्का, तुमचंच लेकरू हाय. पण सांजच्याला त्याला इचारत जा, आज काय बघितलंस म्हणून." मी कधीच विचारलं नाही. प्रश्न तिचा होता ना... तो मला मार्क सांगायचा. बघितलेलं सगळं तिला पत्रातून, पुढं फोनवरून.

तेराव्याला मी तलवाड्याला गेले. ओट्यावर चढून तिच्या सुनेला जरा अभिमानानंच सांगितलं, की गेल्या वर्षी इथं मला खांब धरावा लागला होता. आता रोज ठरल्या वेळी तेल चोळते, गुडघा सुधारला. ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "तेलानं न्हाई, मोठ्या आई. तुमी चढताना थांबलात ते आमच्या आईंनी बघितलतं. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावून मधी एक पायरी घालून घेतली. तुमाला सांगू नको म्हणल्या. तुमाला आवडायचं न्हाई."

मी खाली पाहिलं. दोन उंच पायऱ्या होत्या, तिथं तीन होत्या. मधलीचा दगड अजून नवा, पांढरट. वर्षभरात मी चार वेळा त्याच्यावर पाय देऊन गेले होते, आणि चारही वेळा तिनं दारात उभं राहून माझ्या गुडघ्याचं कौतुक ऐकून घेतलं होतं. निघताना त्या पायरीवर थोडा वेळ बसले. मग उतरले. गुडघा जराही दुखला नाही, आणि त्याचाही मला राग आला.