फुटलेल्या कुकरचं झाकण

"ही माणसं कुकरात देव शिजवत्यात. मग फुटणार न्हाई तर काय?"

दुकानदार हे माझ्याशी बोलला नाही. गिऱ्हाइकांशी बोलला. माझ्या कुकरचं वाकडं झालेलं झाकण त्यानं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं होतं. विट्याचा बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. सगळे हसले. माझ्या गालावर अजून पट्टी होती.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. घरात नवी वस्तू आली की तिला भंडारा, म्हणजे बिरोबाची हळद, लावल्याशिवाय वापरत नाही. मोटरसायकल असो नाहीतर पंखा. कुकरलाही आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, दोन बोटं लावली. पुढं एकदा डाळ शिजताना झाकण उडालं. माझा गाल, मान, खांदा भाजला. शिट्टीसुद्धा झाली नव्हती.

दुकानदाराचं म्हणणं, भंडारा वॉल्वमध्ये गेला म्हणून वाफ कोंडली. कंपनीचा दोष नाही. असल्या लोकांना वस्तू विकायची म्हणजे पंचाईत, असंही तो बोलून गेला. आत्याबाईंनी हात जोडले.

"चुकलं आमचं, मालक."

झाकण पिशवीत घालून आम्ही निघालो. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आत्याबाईंनी तेव्हापासून चुलीजवळ यायचं सोडलं. माझा गाल दिसला की मान खाली घालायच्या. सुनेचं तोंड आपण भाजलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. तसं नाही, असं मला म्हणता येईना. मलाही तेच खरं वाटत होतं.

पट्टी बदलायला मी सांगलीच्या सरकारी दवाखान्यात जायची. तिथं शिराळ्याकडची एक बाई भेटली. घरी उसाचा मळा, नवरा फौजेतून परतलेला. तिचा हात भाजलेला. त्याच कंपनीचा कुकर, तसंच झाकण उडालेलं. मी विचारलं, भंडारा लावला होता का? ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आमच्यात न्हाई बया भंडारा. मला आमचा दुकानदार म्हणाला, तुमी पाणी कमी घातलं."

घरी आले आणि झाकण उजेडात धरलं. भंडारा फक्त दांड्यावर होता. वॉल्वला आतून, बाहेरून कुठंच कण नव्हता. इतके दिवस मी ते नीट बघितलंही नव्हतं. दुकानदार म्हणाला म्हणजे तसंच असणार, असं धरून चालले होते. आधी स्वतःची लाज वाटली. मग डोकं सणकलं.

सदोष वस्तूनं इजा झाली तर विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्या कंपनीलाही ग्राहक आयोगात जाब विचारता येतो, हे त्या बाईच्या नवऱ्याकडून कळलं. आम्ही दोघींनी तक्रारी केल्या. नोटीस गेली तसा दुकानदार नवा कुकर घेऊन आमच्या दारात आला. जुनं झाकण द्या, मिटवून टाकू, म्हणाला. आत्याबाई झाकण आणायला उठल्या. मी त्यांना खाली बसवलं.

"झाकण मिळणार न्हाई. आत्याबाईंनी तुमाला हात जोडलं हुतं. आता तुमी त्यास्नी सांगा, कुकर कशानं फुटला."

तो कुकर घेऊन गाडीत बसला.

निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. वेळ लागेल म्हणतात. लागू दे. प्रत्येक तारखेला मी आत्याबाईंना सांगलीला घेऊन जाते. 'दोष आमच्या कुकरचा होता,' हे कंपनीच्या माणसानं त्यांच्या तोंडावर सांगायचं. तोवर मी तक्रार मागं घेणार नाही.