दमाची वही

शिट्टीबाईंना माणसाचा श्वास ऐकू यायचा. प्रार्थनेला शाळाभरच्या मुली रांगेत उभ्या असल्या की त्या मागच्या बाजूनं फिरत यायच्या आणि एखादीच्या पाठीवर बोट टेकवून म्हणायच्या, "तू आज न खाता आलीस." ती मुलगी खरंच न खाता आलेली असायची. मी नवीनच नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. शिक्षकखोलीत वह्या तपासत बसले होते, तर मागून येऊन म्हणाल्या, "उद्या सर्दी होणार तुला. रजेचा अर्ज आजच लिहून ठेव." मला रागच आला. दुसऱ्या दिवशी नाक पुसत पुसत मी तो अर्ज लिहिला.

साल पासष्ट-सहासष्ट असावं. जळगावच्या अगदी कडेला आमची मुलींची शाळा होती. मी मराठी शिकवायची आणि त्या ड्रिल. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण पोस्टमनसुद्धा शिट्टीबाई म्हणायचा. पांढरं पातळ, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या गोफात शिट्टी. माझी भाड्याची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. त्या कधी दार वाजवायच्या नाहीत, बाहेर उभ्या राहून शिट्टी मारायच्या. घरमालकाची म्हैस त्या आवाजानं दोनदा दावं तोडून पळाली, तरी बाईंनी सवय बदलली नाही.

तोंड मात्र फार वाईट. खो-खोत पडून एका पोरीचं कोपर सोलवटलं, ती रडायला लागली, तर म्हणाल्या, "रडायचं तर डाव संपल्यावर रड. आत्ता माझा वेळ खाऊ नकोस." हुतुतूत कुणी दम चोरला, म्हणजे 'हुतुतू' म्हणता म्हणता मध्येच गुपचूप श्वास घेतला, की संपलंच. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण त्यांना ते ऐकू यायचं. पोटरीवर छडी बसायची, आणि वर मधली सुट्टी संपेपर्यंत मैदानाच्या मधोमध उभं राहून 'मी चोर आहे' म्हणायचं. एका मुलीनं त्यापायी शाळा सोडली. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की हा दुष्टपणा आहे. त्या म्हणाल्या, "असेल. डाव हरला तर पुन्हा मांडता येतो. चोरलेल्या दमाची सवय लागली की सुटत नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शाळेच्या पलीकडे नाला, नाल्यापलीकडे वस्ती, आणि वस्तीतल्या बहुतेक बायका जिनिंगमध्ये कामाला. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम. कापसातून सरकी वेगळी होते तिथं दिवसभर रुई उडत असते. संध्याकाळी या बायका परत यायच्या त्या भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या. पहाटे कामावर जाताना आमच्या मैदानाच्या तारेला धरून त्या उभ्या राहायच्या आणि खोकायच्या. खोकून झालं की पुढे चालू लागायच्या. वर्षानुवर्षं आम्ही सगळे ते बघत होतो. बाईंनी एक दिवस ते ऐकलं.

म्हणजे नेमकं असं झालं, की पहाटे मैदानावर पाणी मारत असताना त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, तारेपाशी गेल्या आणि एका बाईला म्हणाल्या, "तू अर्ध्या श्वासावर चालते आहेस. नाव काय?"

तिचं नाव दगूबाई. चाळिशीची, काटकुळी. ती घाबरली. तिला वाटलं, तार धरली म्हणून ही ओरडते आहे.

"उद्यापासून अर्धा तास आधी यायचं. आत यायचं, तारेबाहेर नाही," बाई म्हणाल्या.

"आमले खेळाले येळ कोठे शे, बाई?" दगूबाई म्हणाली. "आमना दम तं तठेच निंघी जास."

"म्हणूनच म्हणते. शिट्टी झाली की यायचं."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला शिट्टी झाली आणि सहा बायका आल्या. महिन्याभरात चाळीस झाल्या. मुख्याध्यापिकांनी अट घातली, की शाळा भरताना त्यांच्यातली एकही दिसता कामा नये. बाई म्हणाल्या, दिसणार नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून त्या बायका खो-खो खेळायच्या, हुतुतू खेळायच्या. सुनेला सासू भिडायची आणि सून तिला आपटायची. असं हसणं आमच्या मैदानानं कधी ऐकलं नव्हतं. शिव्या मात्र त्यांनाही मुलींइतक्याच. एकदा दगूबाईला छडी बसली तेव्हा ती बाईंच्या हातातली छडी निरखून म्हणाली, "मना नवराबी आशीच वापरस." सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण बायकांना त्यानंतर त्यांनी कधी छडी लावली नाही.

आणि मग ती वही आली. एका दमात 'हुतुतू' म्हणत कोण किती पावलं चालते, हे बाई दर सोमवारी मोजायच्या आणि नावापुढे लिहायच्या. दगूबाई पहिल्या सोमवारी सतरा पावलं चालली. दोन महिन्यांनी सव्वीस. बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून त्यांनी मला ती वही सुवाच्य करून द्यायला सांगितली. त्यांना ती आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना दाखवायची होती. मैदान बायकांसाठी कायमचं उघडं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणायचे. शंभर एकर केळी, आणि ते जिनिंगही त्यांचंच.

वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी नऊ नावं वेगळी लिहायला सांगितली. या नऊ जणींचा दम काही केल्या वाढत नव्हता. दगूबाई सव्वीसवर जाऊन पुन्हा खाली आली होती, तीही त्यांत. त्यांना डॉक्टरला दाखवावं, काही दिवस उडत्या रुईपासून दूर हलकं काम द्यावं, अशी विनंती. ती नावं ठळक दिसावीत म्हणून मी ती तांबड्या शाईनं लिहिली. ही कल्पना माझी. बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं.

आबासाहेब मोठे गोड माणूस. आवाज चढवताना त्यांना कुणी ऐकलं नसेल. त्यांनी वही पानोपान पाहिली, चहा पाजला आणि म्हणाले, "बाई, असं काम मी पाहिलं नाही. दोन दिवस ठेवू का ही?" परत येताना बाई इतक्या खुशीत होत्या, की वाटेत एका टांगेवाल्याला त्याच्या घोड्याचा दम सांगितला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आबासाहेबांनी शाल-श्रीफळ देऊन बाईंचा सत्कार केला. मैदान रोज पहाटे महिला कामगारांसाठी खुलं राहील, असं जाहीर केलं. तारेबाहेर उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर घेऊन बाई ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावर मुकादमानं नऊ जणींना बाजूला काढलं आणि घरी जायला सांगितलं. माझ्या तांबड्या शाईतल्या नऊ जणी. त्याच क्रमानं.

बाई धावत आबासाहेबांकडे गेल्या. मी बरोबर होते. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हीच तर लिहिलंय, यांना रुई सोसत नाही. मग मी त्यांना रुईत ठेवू? उद्या आत कुणी मेलं तर पाप कुणाला?" मग हसून म्हणाले, "मैदान मागितलंत, दिलं. आता चहा घ्या." बाईंनी चहा घेतला नाही. मी घेतला. पुढे केलेला कप नको म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

मैदानाच्या फाटकावर पाटी लागली, 'सकाळी साडेपाच ते साडेसहा महिला कामगारांसाठी खुले'. त्या पाटीखालून एकही बाई आत आली नाही. आत आलं की नाव लिहिलं जातं, आणि लिहिलेलं नाव मुकादमाकडे जातं, हे वस्तीला कळून चुकलं होतं. आता बायका तारेला धरून खोकतसुद्धा नसत, नाल्याच्या त्या अंगानं लांबून जात. बाई रोज साडेपाचला शिट्टी मारायच्या. महिनाभर ती शिट्टी मी अंथरुणात पडून ऐकली. एक दिवस ती वाजली नाही, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या दिवाळीला याहून वाईट झालं. हंगामाची भरती सुरू झाली तेव्हा मुकादम प्रत्येक बाईला फाटकापासून वजनकाट्यापर्यंत 'हुतुतू' म्हणत चालायला लावू लागला. एका दमात पोचली तर नाव न विचारता कामावर, मध्येच थांबली तर घरी. खोकणारी माणसं निवडायचा सोपा उपाय आबासाहेबांना सापडला होता. भरतीच्या रांगेतल्या पुरुष हमालांना तो तमाशाच झाला. एखादीचा दम सुटला की ते ओरडायचे, "आउट!"

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा वस्तीत गेल्या. मला म्हणाल्या, "चल." गळ्यात शिट्टी नव्हती. बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या, कुणी "या" म्हटलं नाही. दगूबाई अंगणात जोंधळा निवडत बसली होती. जानेवारीपासून काम नाही, नवरा अंथरुणाला खिळलेला, सुपात मूठभर दाणे. ती मान वर न करता म्हणाली, "वहीमा मनं नाव तुम्हीच लिखं ना, बाई?"

अक्षर माझं होतं.

"हो. मीच लिहिलं," बाई म्हणाल्या. "ऊठ. काटा किती पावलांवर आहे?"

"चाळीस."

"तुझ्याच्यानं चाळीस होणार नाहीत. चोरावा लागेल दम. शिकवते."

आणि दम चोरला म्हणून ज्या बाईनं एका मुलीला शाळा सोडायला लावली होती, त्याच बाईनं बाकीच्या आठ जणींनाही बोलावून घेऊन त्या अंगणात अंधार पडेपर्यंत नऊ जणींना चोरी शिकवली. 'तू' म्हणताना मान खाली घालायची, उजवा पाय आपटायचा, आणि त्या आवाजाच्या आड नाकानं थोडासा श्वास ओढायचा. जास्त ओढला तर खांदे उचलतात, मुकादमाला दिसेल. "पुन्हा," बाई म्हणायच्या. "ऐकू आलं मला. पुन्हा." शेवटी शेवटी त्यांनाही ऐकू येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जा."

आठवड्याभरात नऊच्या नऊ जणी कामावर लागल्या. दगूबाईनं बाईंना मूठभर शेंगा आणून दिल्या. बाईंनी त्या खाल्ल्या नाहीत, कोनाड्यात ठेवून दिल्या.

संक्रांतीला आम्ही वस्तीत गेलो तेव्हा दगूबाई हसून बोलली, तिळगूळ दिला. परत येताना नाल्यावर बाई थांबल्या. म्हणाल्या, "होळी बघायची नाही ही." मला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला. असं कुणी बोलतं का? होळीच्या आधी आठ दिवस दगूबाई जिनिंगमध्येच, रुईच्या ढिगाला टेकून बसली आणि उठली नाही.

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. "मी शिकवलं नसतं तर ती बाहेर राहिली असती," म्हणाल्या.

"बाहेर राहिली असती तर उपाशी मेली असती," मी म्हणाले.

"ते मला कळतं. तू काहीतरी वेगळं सांग." तांबड्या शाईचं मी बोलले नाही. त्यांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि तेच मला आजवर छळत आलं आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी मला धुळ्याच्या शाळेत नोकरी मिळाली. निघण्याच्या दिवशी माझी ट्रंक बाईंच्या दारात होती आणि त्या मला प्रवासात पाणी कसं प्यावं यावरून बोलत होत्या. दिवाळी तोंडावर आली होती. इतक्यात एक तरुण बाई अंगणात येऊन उभी राहिली. दगूबाईची सून. तिच्या कडेवर पोर होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"मनी सासूले शिकाडं तसं माले बी शिकाडा, बाई."

बाईंनी तिला चालायला लावलं. फाटकापासून विहिरीपर्यंत आणि परत, एका दमात. पन्नासच्या वर पावलं झाली असतील. बाईंचा चेहरा उजळला. "अगं, चांगला आहे की तुझा दम! तुला कशाला हवी चोरी?"

"आते शे, बाई," ती म्हणाली. "दोन हंगाममा र्‍हावाव नही. मंग तुम्ही कोठे सापडशात? आतेच शिकाडी ठेवा."

माझी बस सुटायची वेळ झाली होती. मी ट्रंक उचलली, वाकून बाईंना नमस्कार केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि त्या दगूबाईच्या सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मान खाली घाल," म्हणाल्या. "उजवा पाय पुढे घे."