तीन रेघांखालची जागा

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे मी तिथे काय करते हे सांगायची जबाबदारी माझ्यावरच पडते आणि ते मला नीट जमत नाही. वडिलांचं चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये गलाईचं दुकान आहे, म्हणजे ते जुनं सोनं वितळवून शुद्ध करतात. त्यांना आम्ही गावाकडच्या सवयीने अण्णा म्हणतो. इथे अण्णा म्हणजे मोठा भाऊ. त्यामुळे "अण्णांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास ठरवलाय" असं मी लॅबमध्ये म्हटलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, भावाची काय ही दादागिरी.

क्लास मात्र खरोखरच ठरला होता. इथे विजयादशमीला मुलांना अक्षरं गिरवायला बसवतात, म्हणून क्लासवाल्यांनीही नवी बॅच त्याच दिवशी ठेवली होती. मला बँकेत जायचं नव्हतं. मला कर्नलवर काम करायचं होतं. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा, बाकी सगळ्या प्रोग्रामना मेमरी आणि वेळ वाटून देणारा. तो जगभरची माणसं मिळून लिहितात आणि त्यात कुणीही हात लावू शकतं, असं लॅबमधल्या सीनियर अक्कांनी सांगितलं होतं. मी ते अण्णांना सांगितलं.

"कुणीबी?" अण्णा म्हणाले. "मग तुलाच कशाला घेतील?"

शेवटी तह झाला. दसऱ्याच्या आत त्या लोकांनी माझं काम घेतलं तर क्लास रद्द. नाहीतर मी मुकाट्याने बॅचला बसायचं.

नवख्याने एकदम मोठं काही करायला जाऊ नये, असं अक्कांचं सांगणं. आधी जुन्या, दुर्लक्षित ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखादं यंत्र चालवणाऱ्या कर्नलच्या तुकड्यात शिरायचं, नको असलेलं काढायचं, चालवून बघायचं. मला असा एक ड्रायव्हर सापडला. मेमरी मिळाली नाही की कर्नल स्वतःच तक्रारीचा संदेश देऊन बोंब मारतो. या ड्रायव्हरने वर आपली आणखी एक बोंब लिहून ठेवली होती. ती दुसरी बोंब मी काढून टाकली.

"म्हणजे तू त्यात घातलंस काय?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. एक ओळ काढली."

आईने आमटीतला डाव बाहेर काढला. "तीन वर्षं शिकून एक ओळ काढली?"

हे काम कुठे अपलोड करायचं नसतं. साध्या मजकुराच्या ईमेलने तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला पाठवायचं, आणि त्याची प्रत कुणालाही वाचता येणाऱ्या ईमेल-यादीवर जाते. ईमेल म्हटल्यावर मी शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात तशीच लिहिली. आदरणीय सर. मी एक सामान्य कुटुंबातली विद्यार्थिनी आहे. आईवडिलांच्या आशीर्वादाने हा छोटासा बदल आपल्यापुढे नम्रपणे ठेवत आहे, चुकलं असल्यास लहान समजून क्षमा करावी. एवढं झाल्यावर खाली ती काढलेली ओळ.

आठवडा गेला, उत्तर नाही.

"जाऊन विचार की," अण्णा म्हणाले.

"ते परदेशात असतात बहुतेक."

"मग फोन लाव."

"नंबर नाही."

"मग मानूस खरा हाय कशावरनं?"

अक्का म्हणाल्या, इथे दोनेक आठवडे गप्प राहायची रीत आहे, घाई करणाऱ्याला लोक कंटाळतात. दसरा काही गप्प बसत नव्हता. दुसरा आठवडा संपता संपता उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं: "बदल बरोबर आहे. पण तुम्ही वर जे लिहिलंय ते या बदलाबरोबर कर्नलच्या इतिहासात कायमचं राहील. आईवडिलांचा आशीर्वाद हे ओळ काढण्याचं तांत्रिक कारण नाही. कारण लिहून पुन्हा पाठवा. आणि मला सर म्हणू नका, नावाने हाक मारा."

घरी मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. तेच चुकलं.

"हे समद्या जगाला दिसतंय?" अण्णा म्हणाले.

"हो."

"आणि आमचा आशीर्वाद नको म्हनतोय?"

"नको कुठं म्हणतोय," आई म्हणाली. "जागा चुकली म्हणतोय."

आई अगदी बरोबर होती, हे मला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कळलं. अशा ईमेलमध्ये कारण आणि सही झाली की तीन आडव्या रेघा येतात. रेघांच्या वरचं कायम राहतं. खाली काहीही बोला, समोरच्याला पोचतं आणि बदल घेताना गळून जातं. मी कारण वर लिहिलं. नमस्कार, आशीर्वाद आणि क्षमा रेघांखाली नेली. नावाने हाक मारायला मात्र हात धजेना. बहुधा अण्णांच्या वयाचा माणूस. शेवटी अक्कांनीच माझा कीबोर्ड ओढून "हाय" आणि त्यांचं नाव टाइप केलं.

पाठवण्याआधी अण्णांना दाखवलं. त्यांचं बोट थेट सहीवर गेलं. इथल्या रीतीने कॉलेजात लिहिते तसंच मी लिहिलं होतं, आधी एक अक्षर, मग माझं नाव.

"हे अक्षर कुनाचं?"

"तुमचं."

"येवढाच मी?"

मग मी आपल्याकडे लिहितात तसं लिहिलं: माझं नाव, मधे अण्णांचं, शेवटी आडनाव. अक्का म्हणाल्या, चालतं, खरं नाव असलं म्हणजे झालं. आशीर्वाद रेघांखाली गेला आणि आशीर्वाद देणारे वर राहिले.

खंडेनवमीला दुकानात सोनं वितळवायच्या मुशी, चिमटे मांडून पूजा चालली होती, तेव्हा फोनवर उत्तर आलं. बदल घेतला, धन्यवाद. बाकी काही नाही. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी हळदीची बोटं धोतराला पुसून फोन हातात घेतला, खाली अजून काही असेल म्हणून बोटाने सरकवून पाहिलं, आणि मग आपल्या फोनवरून क्लासवाल्याला लावला. तोही आमच्याच तालुक्याचा.

"पोरगी येनार न्हाय उद्या. न्हाय, लग्न न्हाय ठरलं. काम लागलंय. पगार? न्हाय, पगार न्हाय. हापिसबी न्हाय. साहेब हाय, पर त्याला साहेब म्हनायचं न्हाय."

पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला. अण्णांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तो इचारतोय, ह्याचा क्लास काढला तर तू शिकवशील का?"