पाटावरची वाळू

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, मुंबईत मार्वेच्या किनाऱ्यावर एका घरगुती मूर्तीबरोबर सोन्याची बाळी समुद्रात गेली. मूर्ती शाडूची होती. बाळी तिच्या उजव्या कानात होती.

मूर्ती आमच्या वरच्या मजल्यावरची. कुटुंब मूळचं मालवणकडचं, चारकोपला आमच्याच इमारतीत राहणारं. घरात तीन माणसं: सासूबाई, मुलगा आणि सून. बाळी सासूबाईंच्या यजमानांची. ते गिरणीत होते. ते गेल्यापासून दरवर्षी ती गणपतीच्या कानात घातली जाई आणि उत्तरपूजा झाली की काढून दागिन्यांच्या डब्यात ठेवली जाई. त्या वर्षी हा डबा पहिल्यांदाच सुनेकडे आला होता. मूर्तीला कापडी फेटा बांधायची कल्पनाही तिचीच. आधी तिने बाळी घातली, मग फेटा बांधला. फेटा कानांवरून खाली उतरला. निघताना तिने हार, कडी, चांदीचा मोदक काढून घेतला. फेट्याखाली पाहायचं राहून गेलं.

घरी परतून डबा लावताना तिच्या ते लक्षात आलं. सासूबाई तिला काही बोलल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना मात्र त्या शांतपणे सांगत, "त्येंची होती, त्येंनीच नेली." सून तेव्हा चहा घेऊन येत असे. तिसऱ्या दिवशी डबा सुनेच्या कपाटातून सासूबाईंच्या कपाटात गेला. कोणी हलवला, हे कोणी विचारलं नाही.

त्याच दिवशी सून माझ्याकडे आली. माझ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे. रविवारी मी ते घेऊन आक्सा, मार्वे, गोराईला जातो. इमारतीत त्याला काकांचा व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात आणि निघताना कोणी ना कोणी घरचाही केर काढून जायला सांगतं. सुनेने थट्टा केली नाही.

"काका, तुमचं मशीन सोनं दाखवतं ना?"

मी तिला एकच प्रश्न विचारला: बाळीचा फासा बंद होता का? बंद कडी यंत्राला चांगली कळते, उघडी असली तर पायाखाली असूनही कळत नाही. तिने स्वतः फासा दाबून बंद केला होता. बाळी मिळेल, असं मी तिला सांगितलं.

तसं सांगायला कारण होतं. शाडू पाण्यात विरघळतो, त्यामुळे मूर्ती फार वाहत जात नाही आणि जड वस्तू जवळपासच तळाला बसते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि खालचा घट्ट थर वर येतो. सोनं त्या थरावर अडकतं. भाद्रपद सरता सरता वाळू परत चढू लागते. वीतभर चढली की एवढ्याशा बाळीचा आवाज यंत्रात येत नाही. म्हणजे हाताशी थोडे दिवस होते, आणि जागा नेमकी हवी होती.

जागा मुलाने सांगितली. "पायऱ्यांच्या समोरच सोडला, काका. मी होतो ना तिथे."

पायऱ्यांसमोर मी दोन दिवस शोधलं. भांगाची ओहोटी होती, पाणी फारसं मागे जात नव्हतं, म्हणून गुडघाभर पाण्यात यंत्र फिरवलं. बाटल्यांची बुचं, कापराच्या डबीचं झाकण, उदबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद, नाणी मिळाली. बाळी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी वर गेलो. गॅलरीत तुळशीची कुंडी होती. तिच्या मातीवर वाळूचा ओला थर होता. विसर्जनाहून येताना पाटावर वाळू आणतात, घरी तिची आरती करतात आणि मग ती तुळशीत घालतात. ही वाळू काळपट होती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. पायऱ्यांसमोरची वाळू पिवळसर आणि बारीक आहे. असा चुरा मी फक्त जेट्टीच्या बाजूला पाहिला होता.

मी मुलाला विचारलं, वाळू कुठून उचलली? त्याने सांगितलं की देव सोडतात तिथेच पायाखालून मूठभर घेतात, तशीच घेतली. चुरा त्याच्या हातावर ठेवला तेव्हा त्याने तो बोटांनी चोळून पाहिला. मग त्याला आठवलं. गर्दी वाढल्यावर जीवरक्षकांनी रांग जेट्टीकडे वळवली होती. पायऱ्या त्याने पाहिल्या त्या बाहेर येताना.

"वाट लागली," तो म्हणाला. "दोन दिवस तुम्हाला चुकीच्या पाण्यात उभं केलं."

मी पौर्णिमेपर्यंत थांबायचं ठरवलं. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत मागे हटतं. मधल्या दिवसांत सून रोज जिन्यात भेटायची आणि वाळू चढली का, एवढंच विचारायची.

पौर्णिमेला सकाळी सहाला सून आणि मी जेट्टीच्या बाजूला पोहोचलो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. वाळूत पाट, बांबू, मूर्तींचे तुकडे होते. मी दोरी लावून पट्टे आखले आणि एकेक पट्टा सरळ चालत गेलो. सून दोरी सरकवत होती. सहाव्या पट्ट्यात लहान, स्वच्छ आवाज आला. दोन्ही बाजूंनी यंत्र फिरवलं तरी तोच. चार बोटं खाली फेट्याच्या कापडाची चिंधी निघाली, तिच्याखाली बाळी. फासा बंद होता. सून वाळूत बसली आणि बराच वेळ उठली नाही.

घरी सासूबाईंनी बाळी खिडकीपाशी नेली. यजमान गिरणीत असताना तिथल्या यंत्रात दाबली जाऊन तिची एक बाजू चपटी झाली होती. त्या बाजूवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हीच ती, भावोजी," त्या मला म्हणाल्या.

मग कपाटातून डबा काढून त्यांनी बाळी आत ठेवली आणि डबा सुनेपुढे धरला.

"हो डबो तुझ्याच कपाटात ठेव गो."

सुनेने तो नेला.

पुढच्या भाद्रपदात मी दर्शनाला गेलो. मूर्तीला फेटा होता. उजवा कान फेट्याबाहेर होता, त्यात बाळी होती.