देवीने मला रक्त तपासायला पाठवलं

डॉक्टरीणबाईंनी टीबीची तपासणी सांगितली, तेव्हा मला देवीचाच राग आला. तरुणपणापासून मी घाटकोपरच्या एका कारखान्यात ग्रॅनाइट कापत आलो. त्या बारीक धुळीने माझी फुप्फुसं कडक झाली आहेत, याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही, हे मी कसंबसं पचवलं होतं. त्यात हे नवीन. मला ना ताप होता, ना वजन उतरलं होतं. बाईंनी शांतपणे समजावलं, की टीबीचे जंतू अंगात नुसते झोपून राहू शकतात. तेव्हा त्रास होत नाही, दुसऱ्याला लागणही होत नाही. पण धुळीने खराब झालेल्या फुप्फुसात ते जागे होण्याची भीती फार. रक्त तपासलं की कळतं आणि आधीच औषध घेता येतं. मी मान डोलावली आणि तपासणी न करताच घरी आलो. आमच्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरत होतं. टीबी हा शब्द चाळीत फुटला तर जमलेलं मोडेल, या धास्तीने सुनंदालाही, माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही.

त्या मंगळवारी जोगेश्वरीच्या गुंफेत उतरून देवीपुढे उभा राहिलो. म्हटलं, आई, मी सगळं तुझ्यावर सोडलंय, ही तपासणी माझ्यामागची काढ. परत वर चढताना निम्म्या पायऱ्यांवरच दम लागला आणि खाली बसलो. शेजारी एक किडकिडीत म्हातारा बसला होता, तोही धापा टाकत. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्या हातांकडे बघून विचारलं, "दगडाचं काम?" तो स्वतः दगडाच्या खाणीत कामाला होता. आधी धुळीचा आजार, मग त्यावर टीबी. औषधांनी टीबी गेला, पण एका बाजूचं फुप्फुस पार निकामी झालं होतं. घरी जे बोललो नव्हतो, ते सगळं मी त्याला सांगून बसलो. त्याने ऐकून घेतलं.

"माझ्या वेळी कुणी आधी विचारलंच नाही रे," तो म्हणाला. "तुला विचारतायत, आणि तू नको म्हणतोस?"

मग एकेक पायरी थांबत तो वर गेला. मी नावही विचारलं नाही, आणि नंतर तो पुन्हा कधी दिसला नाही. तो कोण होता यावर मला वाद घालायचा नाही. खाली मी काही मागितलं होतं, वर येताना उत्तर मिळालं, एवढंच मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला आणि सायलीला सगळं सांगितलं आणि जाऊन रक्त दिलं. जंतू होते. एक्स-रे आणि थुंकी तपासली, तेव्हा कळलं की ते अजून झोपलेलेच आहेत. आठवड्यातून एकदा गोळ्या सुरू झाल्या. औषधाने लघवी केशरी झाली, कधी मळमळायचं, पण सुनंदा समोर बसून सगळ्या गोळ्या गिळायला लावी. सायलीने तर मला न विचारता होणाऱ्या सासरच्यांना सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसलो होतो. विहीणबाई म्हणाल्या, "तो उठायच्या आतच बंदोबस्त करताय ना? मग लपवायचं कशाला? रविवारी गोळ्यांची आठवण मी करीन." आणि शेवटपर्यंत दर रविवारी त्यांचा फोन आला.

औषधांचा कोर्स पूर्ण झाला त्या दिवशी डॉक्टरीणबाईही हसल्या. सिलिकोसिस आहे तसाच आहे. मी कापायचं सोडून आता घरोघरी ओट्यांची मापं घेतो. पण टीबीला उठू दिलं नाही. कारखान्यातल्या सगळ्यांना मी हे उघड सांगितलं. आधी टाळाटाळ झाली, मग एका सकाळी सगळे कारागीर माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसले. त्यातल्या दिनकरच्या अंगातही जंतू झोपलेले निघाले, त्याच्याही गोळ्या वेळेत सुरू झाल्या. मालकाने यंत्रांवर पाणी सोडायची सोय केली, धूळ आता उडायच्या आत बसते.

देवीवर सोडणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या सकाळी बाकावरच्या प्रत्येकाने बाही वर करून हात पुढे केला, तेव्हा मी मनातल्या मनात आईला नमस्कार केला. तिच्या पायाशी एवढ्या विश्वासाने मी कधीच वाकलो नव्हतो.