आखाजीला सोडलेला कॉम्प्युटर

रनाळ्यात ग्रामसभा कधी आहे हे ललितला माहीत नसतं. घरातलं गॅसचं सिलिंडर कधी संपणार तेही नसतं. पण साता समुद्रापलीकडच्या कंपनीचा कॉम्प्युटरचा कोणता डबा कोणत्या महिन्यात बाजारात येणार, त्याच्या पाठीला किती भोकं असणार, त्याचा पंखा वाजणार की मुका राहणार, हे त्याला पाठ. मोबाइलवर कोणी तरी बोंबलतो, 'आतली खबर आहे, अजून कोणाला माहीत नाही.' कोणालाच माहीत नाही तर तुला रे कसं माहीत, असं विचारायचं सोडून आमचा ललित ती खबर ओट्यावर बसून अशा थाटात सांगतो, जणू कंपनीने यालाच विचारून तारीख काढली. खोटी ठरली तर बोंबलणाऱ्याचं काही जात नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसरी तारीख सांगतो. जातं ते ऐकणाऱ्याचं, आणि ऐकणाऱ्यापेक्षाही त्याच्या घरातल्या माणसाचं.

ललितच्या घरातलं ते माणूस म्हणजे त्याची वहिनी दीपमाला. ही गोष्ट तिची आहे.

दीपमालाचं माहेर शहाद्याकडचं, पुरुषोत्तमनगर. बाप साखर कारखान्यात फिटर, त्यामुळे यंत्र उघडून बघायची खोड तिला लहानपणापासूनची. लग्न होऊन रनाळ्याला आली तेव्हा नवऱ्याने तिला एक डेस्कटॉप घेऊन दिला. त्यावर ती गाणी बसवायला लागली. लग्नसराईत आमच्याकडे बँडची गाडी नवी अहिराणी गाणी मागते, त्यांचे ट्रॅक ही करून देते. तिला स्वतःला गाता येत नाही. गळा फाटका आहे असं ती आपल्याच तोंडाने सांगते. कान मात्र असा तिखट, की ढोलकवाल्याचा हात केसभर मागे पडला तर खोलीबाहेर भांडी घासतानाही तिला कळतं. सुरुवातीला गल्लीतल्या बायांनी नाकं मुरडली, सून कानाला वायरी लावून बसते म्हणून. मग त्याच बायांच्या पोरींच्या हळदीत तिची गाणी वाजली आणि नाकं सरळ झाली.

मशीन जुनं. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी ती डबा शेजारच्या खोलीत ठेवायची, वरून गोधडी टाकायची, आणि गाणं संपलं की घाईघाईने गोधडी काढायची, नाही तर आतून करपल्यासारखा वास यायचा. तिला बिनआवाजाचं मशीन हवं होतं. एवढीच तिची हौस, आणि ललितच्या बोलण्याला पाय फुटले ते त्या हौसेतूनच.

संध्याकाळी धानोऱ्याचा गोपाल मोटारसायकलवर यायचा. त्याचं तिथे ऑनलाइन सेंटर आहे, दाखले, पीकविमा, तिकिटं. तो लिनक्सचा भक्त. ललित मॅकचा, आणि तोही अजून न आलेल्या मॅकचा. दोघांचं भांडण ओट्यावर रंगायचं. गोपाल म्हणायचा, लिनक्स फुकट आहे, व्हायरस लागत नाही, कोणी धनी नाही. ललित म्हणायचा, धनी नाही म्हणूनच त्याला कोणी विचारत नाही. विंडोजचं नाव निघालं की दोघं एक व्हायचे. विंडोज दहाचे अपडेट बंद झाले, आता ते मशीन म्हणजे दावणीला उभं म्हातारं जनावर, यावर दोघांचं एकमत.

दीपमाला चहा आणून ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायची. "तुम्हनं मॅक ऱ्हावो नही ते लिनक्स ऱ्हावो, मन्हा ढोलक त्यामा सरळ वाजी का, ते सांगा. नही ते चहा पिवा आनि उठा."

ढोलक वाजवून बघण्याइतका वेळ त्यांना नव्हता, तारखा सांगण्यातच दिवस जायचा.

यंदाच्या चैत्रात तिने एक मोठं काम हाती घेतलं. आमच्याकडे चैत्रात गौराई बसते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्यात जाते. तेवढे दिवस तिची गाणी. गल्लीतली तापीबाई ही गाणी म्हणणारी शेवटची बाई, जिला सगळी कडवी येतात. दीपमालाने तिला आणि तिच्या मागे सूर ओढणाऱ्या तीन बायांना रोज सकाळी बसवलं. वर गोधडी, आत घरघर, आणि पुढे तापीबाई. म्हातारीचे पुढचे दात हलत होते, हिरड्या सुजल्या होत्या. तरी तिने दात काढले नाहीत. दात गेले की सूर फुटतो, म्हणाली, आधी तुझं गाणं होऊ दे. आखाजीच्या तोंडावर सगळी गाणी मशीनमध्ये गेली, आणि दीपमाला माहेरी गेली. आखाजीला आमच्या पोरी माहेरी झोक्यावर असतात, सासरी राहत नाहीत.

आणि इकडे घरात जे व्हायला नको ते झालं.

दीपमालाचे सासरे सुपडूआबा. जमीन बागायती, घरात कायम सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी. आमच्याकडे सालदार आखाजीला लागतो आणि आखाजीला सुटतो. मधल्या वर्षात मालक त्याला काढत नाही, तोही मालकाला सोडत नाही. सुटणाऱ्याच्या कपाळाला कुंकू, खांद्यावर नवं उपरणं, आणि त्याच दिवशी नवा माणूस दारात. आबांनी सारी हयात यात एकदाही चूक केली नव्हती. ललित महिनाभर सांगत होता, नवा मॅक आखाजीला येतोय, बुकिंग पण करणार. आखाजीच्या सकाळी आबांनी त्याला विचारलं, नवा आज येतोय ना. ललित म्हणाला, येतोच आहे.

"मंग जुन्हाले सोडा," आबा म्हणाले. "एक कामले दोन सालदार कोन ठेवस?"

आणि आबांनी खरोखर त्या डब्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, वरून उपरणं टाकलं. यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं राबला, रिकाम्या हाताने कसा धाडायचा. ललितनेही विचार केला नाही, की आखाजीला येणार ही खबर त्याने ज्याच्याकडून ऐकली त्या माणसाने तोवर दोनदा तारीख बदलली होती. त्याने 'वहिनीची गाणी' म्हणून मशीनमधलं काहीबाही पेनड्राइव्हवर घेतलं आणि डबा, सेंटरला मशीन हवंच म्हणणाऱ्या गोपालच्या मोटारसायकलला बांधला. दीपमालाला फोन लावायचं त्या घरात एकालाही सुचलं नाही. सालदार सोडताना सुनेला कोण विचारतं.

चार-पाच दिवसांनी ती परत आली. टेबलावर धुळीत एक चौकोन स्वच्छ होता आणि खुर्चीवर गोधडी घडी करून ठेवली होती.

तिने ललितला विचारलं, नवा कुठे आहे. ललित म्हणाला, थोडं पुढे गेलं, आता पावसाळ्यात म्हणतात, पण येणार तो याहून भारी. तिने त्याच्या हातून पेनड्राइव्ह घेतला आणि गल्लीतल्या आशा मॅडमकडे गेली. त्यांच्या लॅपटॉपवर आपलं सॉफ्टवेअर टाकलं आणि फाइल उघडली. नावं सगळी होती. तापीमाय, ढोलक, टाळ्या, मागच्या बाया. आणि नावांपुढे आवाजाच्या रेषा सपाट. ललितने गाण्यांचा नुसता आराखडा आणला होता, आवाज होता तो वेगळ्या फोल्डरमध्ये, तो तिथेच राहिला. पंगत मांडलेली, पाट, रांगोळी सगळं जागच्या जागी, आणि ताटात अन्न नाही, असं ते दिसत होतं.

तिथून ती तापीबाईकडे गेली, पुन्हा म्हणाल का विचारायला. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती.

"गौराई पानीमा गयी, माय," तापीबाई म्हणाली. "आते तिले हाका कसाले मारू? आनि हाई देख."

तिने तोंड उघडलं. पुढे एकही दात नव्हता. आखाजी झाली तशी ती नंदुरबारला जाऊन दात काढून मोकळी झाली होती.

"तुन्हासाठे आखाजीपावत वाट दखी. सुपडूनी सून, ते गानं तू सांभाळीसन ठेवानं व्हतं."

दीपमाला घरी आली. राग तिला ललितचा होता, आबांचा होता, आणि स्वतःचाही होता, कारण बिनपंख्याच्या डब्याचं नाव निघालं की तीही दारात उभी राहून कान देत होती. पण बोलायचं ते ललितशीच.

"भाऊ, येनारनी वाट दखीसन घरमा व्हतं ते काढी दिधं तुम्ही," ती म्हणाली. "येनार कोठे शे ते सांगू नका. माले ते ऐकनं नही."

ललित म्हणाला, मी काय मुद्दाम केलं का. तिने स्कूटीची चावी घेतली आणि धानोऱ्याला निघाली. वाटभर तिच्या डोक्यात एकच, गोपालने मशीन पुसून लिनक्स टाकलं असेल. महिनाभर तो ओट्यावर तेच तर सांगत होता, हाती लागलं की पहिलं काम पुसायचं.

गोपालच्या सेंटरात कोपऱ्यात तिचा डबा दिसला. कुंकू तसंच, उपरणं तसंच. तिने विचारलं, पुसलं का. गोपाल जरा शरमला. म्हणाला, अजून नाही. लिनक्सची नवी आवृत्ती या महिन्यात येणार अशी त्याच्या ग्रुपमध्ये खबर होती, मग जुनी कशाला टाका, म्हणून तो थांबला होता.

म्हणजे एका खबरीने घालवलं आणि दुसऱ्या खबरीने राखलं. दीपमालाला याचं हसू आलं नाही. उलट डोकं अजून तापलं. चार बायांचा गळा अशा रिकामटेकड्यांच्या तारखांवर टांगलेला होता, आणि वाचला तोही कोणाच्या शहाणपणाने नाही.

तिने मशीन परत मागितलं. गोपालचा चेहरा बदलला. सेंटरात गर्दी, मशीन कमी, त्याने हे हिशोबात धरलं होतं. अर्धं थट्टेत, अर्धं खरं, तो म्हणाला, "वहिनी, आखाजीले सोडेल सालदार कोनी परत मांगस का? सालभर तो मन्हा."

रीतीने त्याचं खरं होतं. बाकावर बसलेल्या दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या. दीपमाला डब्यापाशी गेली. मग तिने उपरणं उचललं.

"सालदार ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "पन तो मन्हा घरनं गाठोडं उचली लयना, ते माले द्या. तुम्हना लिनक्सले धनी नही. मन्हा गानास्ले धनी शे. चार बाया शेतस."

सालदार मालकाच्या घरचं गाठोडं नेत नाही, हेही रीतीतच बसतं. गोपालने निमूट पेचकस आणला, डबा उघडला, हार्ड डिस्क काढून तिच्या हातावर ठेवली. म्हणाला, दुसरी मी टाकतो माझी. तिने डिस्क त्या उपरण्यात गुंडाळली आणि निघाली.

पुढे जेठ लागला, तोही यंदा अधिक, धोंड्याचा. या महिन्यात आमच्याकडे कोणी नवं काही घेत नाही. दीपमाला नंदुरबारला जाऊन एक वापरलेला डेस्कटॉप घेऊन आली. त्याचा पंखाही वाजतो, जरा कमी. सुपडूआबा दारातच म्हणाले, "धोंडामा कोनी नवी वस्तू लेस का?"

"नवी कोठे शे, आबा," ती म्हणाली, "जुनीच शे." आणि कुंकू न लावता, नारळ न फोडता डबा आत नेला.

डिस्क लागली. रेषा सपाट नव्हत्या. तिने तापीबाईला बोलावून स्पीकर लावला. म्हातारी तोंडाला पदर लावून ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "हाई बाईना सूर बरा शे. पन तिसरा कडवामा घाई करस." मग दीपमालाने तिसरं कडवं पुन्हा ऐकलं. घाई होतीच.

तेवढ्यात ललित दारात आला. त्याचा मोबाइल हातात. वहिनी, म्हणाला, आता नक्की कळलं, दिवाळीला.

दीपमालाने मागे वळून पाहिलं नाही. "डबा घरमा ई जाई तवय बोला," ती म्हणाली. "तोपावत ती खबर या उंबरठाना बाहेर."

पंख्याची घरघर कडव्यात येत होती, म्हणून तिने गोधडी ललितच्या अंगावर टाकली, डबा ठेवलेल्या शेजारच्या खोलीकडे बोट केलं, आणि तो गोधडी घेऊन डबा झाकायला गेला.