दातदुखीच्या काउंटरवरची पाटी

श्रीमती विनिफ्रेड स्टॅथर यांची आणि प्रस्तुत लेखिकेची ओळख हल शहराच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर भरणाऱ्या प्रौढांच्या वाचनवर्गात, एका मंगळवारी झाली. शिक्षिका ज्युडिथ यांनी नाव लिहिण्यासाठी कागद पुढे केला, तेव्हा दोघींनीही चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिले. विनीबाईंच्या पर्समधून चष्म्याच्या डबीचे टोक डोकावत होते. त्यांचे वय त्या वेळी शहात्तर होते. त्या दिवसापासून बाक दोघींचा झाला. पुढे जे लिहिले आहे, ते त्यांनी त्या बाकावर, बसच्या थांब्यावर आणि बटाट्याच्या पॅटीच्या दुकानात स्वतः सांगितलेले आहे. शेवटचा प्रसंग मात्र लेखिकेने डोळ्यांनी पाहिला.

विनीबाईंचा उजवा हात कोपरात नेहमीच थोडा वाकलेला राहत असे. एकतीस वर्षे, दर शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी, त्या हातात वेताची टोपली होती. अंगात पांढरा डगला, डोक्याला रुमाल, टोपलीत उकडलेल्या शिंपल्या, सोललेली कोळंबी, खेकड्याचे तुकडे आणि कोपऱ्यात व्हिनेगरची बाटली. शहराच्या मध्यभागी तेवीस पब होते आणि तेवीसही त्यांच्या वाटेवर होते. एकाचेही नाव त्यांनी कधी वाचले नाही. गरजच पडली नाही, कारण प्रत्येक दारावर चित्राचा फलक टांगलेला असे. मेंढीपासून डावीकडे वळायचे, दोन किल्ल्यांवरून पुलाकडे जायचे, पुलापलीकडे लंगडा घोडा. घोडा मुळात लंगडा नव्हता. रंगाऱ्याने चौथा पाय गवतात दडवला होता, इतकेच. एका पबच्या फलकावर निळ्या डगल्यातला कोणी नौसेनापती होता आणि रंगाऱ्याच्या हातून त्याचा डावा गाल भलताच फुगला होता. विनीबाई त्या पबला दातदुखी म्हणत. हळूहळू तेथली गिऱ्हाइकेही तसेच म्हणू लागली. मालकीण ऑड्री आधी रागावली, पण पुढे कोणी बिअर आंबट आहे म्हणून कुरकुरला, की तीच त्याला लवंग चघळायला सांगू लागली.

प्रत्येक पबमध्ये विनीबाई टोपली एकाच जागी टेकवत. दातदुखीत ती जागा काउंटरच्या दाराकडील कोपऱ्यावर होती. टोपलीच्या बुडाला लोखंडी पट्टी असल्यामुळे तेथल्या लाकडाला अंगठा बसेल एवढी खाच पडली होती, आणि त्या खाचेवरून ऑड्री त्यांना दर आठवड्याला बोलणी ऐकवत असे.

याच कोपऱ्यावर त्यांना क्लेम स्टॅथर भेटले. क्लेम पहाटे गोदीत बोटींतली मासळी उतरवत. तरीही ते दर शुक्रवारी शिंपल्यांचा एक पेला घेत. मित्र त्यांना टोचून बोलत.

"दिवसभर मासळी उपसतोस आणि संध्याकाळी तीच विकत घेतोस. डोकं ठिकाणावर आहे ना रे?"

क्लेम म्हणत, "हिचं व्हिनेगर चांगलं असतं."

अकरा महिन्यांत लग्न झाले. लग्नानंतरही क्लेम इतर गिऱ्हाइकांसारखे आपली पाळी येईपर्यंत थांबत आणि पेला घेत. या गोष्टीचा विनीबाईंना फार अभिमान होता. शनिवारी टोपलीत काही उरले आणि त्या ते घरी घेऊन आल्या, तर क्लेम पोटावर हात ठेवत. "विने, कालच पबात इतक्या खाल्ल्या. आता एकही जायची नाही गं." दातदुखीत ऑड्रीची करडी मांजर क्लेमच्या पायाशी झोपलेली असे. ती इतकी गलेलठ्ठ होती की, तू हिला घालतेस तरी काय, असे विनीबाई ऑड्रीला विचारत आणि ऑड्री छताकडे पाही. ती मांजर मेल्यावर ऑड्रीने दुसरी करडीच आणली, आणि तीही वर्षभरात तशीच फुगली.

घरी आलेली पत्रे, औषधांच्या बाटल्या, विजेचे बिल, सारे क्लेम वाचत. वर्तमानपत्र ते मोठ्याने वाचत, जणू ती त्यांची स्वतःचीच खोड होती. विनीबाईंना वाचता येत नाही ही गोष्ट दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

क्लेम गेले, त्यानंतर दोन महिन्यांनी ऑड्रीने त्यांच्या जागेवर, काउंटरच्या कडेला, एक पितळी पाटी बसवली. विनीबाईंना बोलावण्यात आले. क्लेमचे सारे मित्र कोट घालून आले होते. ऑड्रीने पाटीवरचे फडके काढले. मित्र पुढे वाकले, त्यांनी पाटी वाचली आणि सगळे हसले. एक जण तर डोळे पुसेपर्यंत हसला. मग सर्वांनी विनीबाईंकडे पाहिले. विनीबाईही हसल्या. ऑड्रीने हळूच विचारले, "राग नाही ना आला?" त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि पाटी सुंदर झाली आहे असे सांगितले.

त्या दिवसापासून विनीबाईंच्या मनाला स्वस्थता अशी राहिली नाही. मेलेल्या माणसाच्या पाटीवर हसण्यासारखे काय असू शकते, याचा विचार त्या भांडी घासताना करत, चर्चमध्ये करत, अंथरुणात करत. ती थट्टा क्लेमची होती की त्यांची? ऑड्रीने राग आला का असे का विचारले? कोणाला विचारायचे तर आधी स्वतःचे गुपित सांगावे लागणार होते. शिवाय जी पाटी वाचून आपण सर्वांसमोर हसलो, तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने विचारायचा? सात वर्षे त्या दर शुक्रवारी दातदुखीत जाऊन अर्धा ग्लास बिअर पुढे ठेवून बसत. कोणी नवा माणूस पाटीपाशी वाकला आणि हसला, की त्या गळ्यातला रुमाल नीट करत आणि खिडकीबाहेर पाहत.

मग ऑड्री आजारी पडली आणि वारली. पुढच्याच शुक्रवारी दाराला कुलूप होते आणि काचेवर एक कागद चिकटवलेला होता. दुखवट्यासाठी बंद असेल, असे विनीबाईंना वाटले. पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या. कागद तोच होता. आतली डागडुजी चालली असेल, अशी त्यांनी समजूत घातली. पाच शुक्रवार त्या कागदासमोर त्या उभ्या राहिल्या. सहाव्या शुक्रवारी दारच नव्हते. आतले सामान तीन दिवसांपूर्वी मालमोटारीत भरून नेले होते, आणि त्या दिवसाची तारीख त्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेली होती. हे त्यांना रस्ता झाडणाऱ्याने सांगितले, तेही सहज, वाचणाऱ्याने वाचलेलेच असणार अशा स्वरात.

नंतरच्या मंगळवारी त्या वर्गात आल्या.

दोन हिवाळे त्यांनी अभ्यास केला. पण त्यांचा पाय घरात ठरत नसे. वर्ग सुटला की त्या आपल्या जुन्या वाटेने निघत, उजवा हात वाकवून, रिकाम्या हाताने. मेंढीच्या जागी मोबाइल फोनचे दुकान झाले होते. दोन किल्ल्यांच्या जागी व्यायामशाळा होती, आणि तेथे तरुण माणसे एकाच जागी धावत असत. लंगड्या घोड्याचे कॉफीचे दुकान झाले होते. तेथे एकदा विनीबाई सवयीने मागच्या कोपऱ्यातल्या बाकाकडे गेल्या आणि नोकरांच्या संडासाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दातदुखीच्या जागी काचेची सात मजली इमारत उभी राहत होती. तेथला रखवालदार त्यांना ओळखू लागला होता.

त्याने एकदा विचारले, "आजी, रोज कोणाला शोधताय?"

त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला. तो तुझ्या लिफ्टपाशी उभा असायचा."

रखवालदाराने लिफ्टकडे वळून पाहिले. त्यानंतर पाऊस असला की तो त्यांना आत उभे राहू देई.

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस ज्युडिथ यांनी वर्तमानपत्रातल्या लहान जाहिरातींची कात्रणे सर्वांना वाटली. विनीबाईंच्या वाट्याला आलेले कात्रण त्यांनी बोट ठेवून वाचले. जुन्या पबांतले काउंटर, आरसे, बाकडी घेतली व विकली जातील, नदीपलीकडे, पत्ता अमुक. त्यांनी ते पुन्हा वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि तास संपण्याची वाट न पाहता उठल्या. प्रस्तुत लेखिकाही त्यांच्याबरोबर गेली, पण ती केवळ छत्री आणि पिशवी धरण्यापुरती.

त्या पत्त्यावरच्या वखारीचे मालक श्री. बिल्नी वही उघडून उभे राहिले.

"पबचं नाव काय, बाई?"

"दातदुखी."

"असला पब या जन्मी ऐकला नाही मी."

"फलकावर निळ्या डगल्यातला माणूस होता. गाल सुजलेला."

"निळ्या डगल्यातले चार आहेत माझ्याकडे. दातांची तक्रार कुणाचीच नाही."

विनीबाईंनी वाद घातला नाही. वखारीत काउंटर एकावर एक रचलेले होते, बरेचसे उलटे, सर्वांवर धूळ. त्या एकेकाच्या कोपऱ्यावरून तळहात फिरवत निघाल्या. श्री. बिल्नी घड्याळाकडे पाहत मागून चालले. नवव्या काउंटरपाशी विनीबाईंचा अंगठा लाकडात रुतला आणि तेथेच राहिला. ती त्यांच्या टोपलीची खाच होती. तेथून त्यांनी कडेकडेने हात सरकवला. एका हाताच्या अंतरावर पितळी पाटी होती. वखारीत लावलेल्या वार्निशाचा जाड थर बसून ती तपकिरी झाली होती.

श्री. बिल्नी मदतीला आले. त्यांनी चिंधीला स्पिरिट लावून पाटी घासली, डोळे बारीक केले आणि तोंड उघडले. विनीबाईंनी पाटीवर पालथा हात ठेवला.

"वाचू नका. मला येतं. वेळ लागेल, तेवढं थांबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि लावला. पाटीवर दोनच ओळी होत्या. बोट पहिल्या अक्षरावर ठेवून त्या ओठ हलवत वाचू लागल्या. श्री. बिल्नी यांनी मध्येच लेखिकेकडे पाहिले आणि स्वतःची टोपी काढली. बऱ्याच वेळाने विनीबाईंनी दोन्ही ओळी एका दमात, मोठ्याने म्हटल्या.

"क्लेम स्टॅथर इथे उभा असे. शिंपल्या मांजर खात असे."

त्यांनी पाटीवरचे बोट उचलले. मग वखारीत फेऱ्या घालू लागल्या, आरशांच्या रांगेतून, बाकड्यांना वळसा घालून, पुन्हा आरशांकडे. तिसऱ्या फेरीला त्या थांबल्या.

"सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी रांगेत उभा राहायचा. आणि सगळ्या पबला माहीत. मीच तेवढी..." पुढे त्यांना हसू आवरेना. भिंतीला टेकून, डोळे रुमालाने टिपत, त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "मेल्याला शिंपल्या आवडतच नव्हत्या. तरी मी म्हणतेय, मांजर एवढी फुगते कशाने."

श्री. बिल्नी यांनी सांगितले की हा काउंटर लीड्सच्या एका हॉटेलने घेतला आहे आणि गुरुवारी तो जायचा आहे. पण दोन स्क्रूंचेच काम आहे, पाटी आत्ताच काढून देतो, तुमचीच आहे ती, असे म्हणून त्यांनी खिशातून पेचकस काढला. विनीबाईंनी पाटीकडे पाहिले. त्यांच्या घरात आता ती वाचायला त्या एकट्याच होत्या.

"नको, असू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "फक्त तिच्यावर पुन्हा वार्निश लावू नका. लोकांना वाचता आली पाहिजे."